थोरला कोपरा, धाकटा कोपरा

नावं आबांनीच दिली होती. एक थोरला, एक धाकटा. ऑफिसच्या कागदांवर त्यांना लांबलचक क्रमांक होते, पण ते कुणाच्या तोंडी बसेनात. हळूहळू साहेबसुद्धा मीटिंगमध्ये विचारू लागले, "काय, धाकटा काय म्हणतोय?"

दोघेही पत्र्याचे. तीन त्रिकोणी पत्रे खोलीच्या कोपऱ्यासारखे एकमेकांना जोडायचे आणि तोंड आभाळाकडे करायचं, झाला कोपरा. वरून उपग्रह जातो आणि रडारची लहर खाली सोडतो. ती दगडावर, बर्फावर पडली की चहूकडे उधळते. कोपऱ्यात शिरली तर मात्र जिथून आली तिथेच परत जाते, सासरी न रमलेल्या नव्या नवरीसारखी. म्हणून रडारच्या करड्या, मुंग्या आल्यासारख्या दिसणाऱ्या चित्रात कोपरा तेवढा लख्ख दिसतो, तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. ढग असोत, अंधार असो, ठिपका दिसणारच.

थोरला खडकात बोल्ट मारून पक्का बसवलेला. धाकटा हिमनदीच्या अगदी खालच्या टोकावर, तिच्या जिभेवर, नुसता ठेवलेला. थोरल्याने उभं राहायचं आणि धाकट्याने बर्फाबरोबर चालायचं. दोघांमधलं अंतर किती बदललं ते पाहिलं की बर्फ किती चालला ते कळतं. शास्त्र एवढंच. बाकी सगळं गणित, आणि ते भिंगरी करायची.

ऑफिसात तिला मॅडम म्हणत. भिंगरी हे आबांनी ठेवलेलं, लहानपणी त्यांची ही लेक एका जागी ठरत नसे म्हणून. आता ती खुर्चीला अशी चिकटली होती की नवरा म्हणायचा, "हिच्यावरच एक कोपरा बसवा. सरकलीच कधी, तर कळेल तरी."

आबांचा सगळा जन्म त्या बर्फाच्या पायथ्याशी गेला होता. जिभेच्या खाली, कड्याच्या आडोशाला दगडी घर होतं, खिंड ओलांडणाऱ्या वाटसरूंच्या विसाव्याचं, आणि आबा त्याचे राखणदार. भिंगरीची आई गेली तेव्हा तिचा दादा आणि वहिनी खालच्या वस्तीत राहायला गेले, ओढ्याच्या अलीकडे. आबा म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे." आणि मागेच राहिले. ऑफिसला कोपऱ्यांची देखभाल करायला माणूस हवा होता, तेव्हा भिंगरीने आपला बापच काढून दिला. उपग्रह बारा दिवसांनी एकदा त्याच वाटेने डोक्यावरून जायचा. त्या फेऱ्यांच्या तारखा ती आबांना कळवायची, म्हणजे आदल्या दिवशी ते कोपऱ्यांमधला बर्फ झाडून ठेवतील.

आणि तीन वर्षांत धाकटा हलला नाही.

वरचा बर्फ सरकताना दिसे. खाली जिभेवर मात्र ओल इतकी आणि भेगा इतक्या, की एका फेरीचं चित्र दुसऱ्या फेरीच्या चित्राला ओळखच देत नसे. तिथे एकटा धाकटाच काय तो साक्षीदार, आणि धाकटा सांगत होता, मी जागचा हललो नाही. साहेब हसून म्हणाले, "तुमच्या आबांच्या बर्फाने राजीनामा दिलाय, मॅडम." अहवालात लिहिलं गेलं, 'जीभ स्थिर, बर्फ मृत.' खाली दोन सह्या, त्यातली एक भिंगरीची. त्या सह्यांच्या जोरावर विसाव्याचं घर चालू राहिलं आणि आबाही.

आबांचा फोन रविवारी येई. घरामागे एक मोठी धोंड होती. तिच्या माथ्यावर चढलं तरच रेंज मिळे, त्यामुळे सुरुवातीला नुसत्या धापाच ऐकू येत.

"भिंगरे, जेवलीस का?"

"आबा, सकाळ आहे."

"मग चहा घेतलास का? काहीतरी विचारावं लागतं माणसाला."

ती पलंगावर बसून धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत होती. घरात चार माणसं, पण मोजे नेहमी विषम निघत. "तुम्ही कसे आहात?"

"मस्त. कंबर तेवढी धरलीय."

"आता काय उचललंत?"

"उचललं नाही गं, ओढलं. धाकटा फार उनाड झालाय हल्ली."

"ओढलं म्हणजे?"

"म्हणजे दोरी बांधली आणि ओढला. आणला जागेवर. आधी चार बोटं सरकायचा, मग हातभर, तेव्हा गाणं म्हणत आणायचो. पण या खेपेला अंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाएवढा गेला होता पठ्ठ्या! वाटेत तीनदा बसलो."

भिंगरीच्या हातात एक मोजा तसाच राहिला.

"आबा, तुम्ही त्याला परत जागेवर आणता?"

"मग? तुझी तारीख आली की आदल्या दिवशी दोघांनाही झाडतो, थोरल्याला फडकं मारतो आणि धाकट्याला आणून बसवतो. इकडच्या काठावर काळी धोंड, तिकडच्या काठावर पांढरा दगड, बरोबर मधल्या रेषेत. पाहुणा यायच्या आधी घर आवरायला नको?"

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून. एक खेप चुकलो नाही." आवाजात अभिमान होता.

"आबा, बर्फ चालतो हे तुम्हाला माहीत नाही का?"

"मला? अगं, तुला कुणी सांगितलं ते? मीच ना? बर्फ चालतोच. पण ठिपका जागेवर नसला तर वरच्याला तो सापडणार कसा? थोरल्याबरोबर कागद आला होता, त्यात लिहिलं होतं, वाऱ्याने सरकला तर खुणेवर आणा. धाकट्याला बसवायला तुझ्या ऑफिसची दोघं आली ती म्हणाली, याचंही तसंच बघा आबा. तसंच बघितलं."

तिने तेव्हा गप्प बसायला हवं होतं. पण डोकं तापलं की जीभ आधी धावते.

"तीन वर्षांचं काम पाण्यात घातलंत, आबा! सगळं पाण्यात!"

मग आबा बोलले, बाकावर उभं केलेल्या मुलाच्या आवाजात. "मग आता कसं करायचं?"

तिच्या तोंडचं पाणी पळालं, कारण आता कुठे तिने मनात हिशेब केला होता. एका फेरीत अंगणभर चालणारा बर्फ मेलेला नसतो, सुटलेला असतो. सुटलेला बर्फ आधी तडकतो, मग त्याचं तोंड कोसळतं. आणि आबांचं घर त्या तोंडाच्या बरोबर खाली होतं.

"आबा, ऐका. धाकट्याला आता हात लावू नका. आणि आजच्या आज खाली या. दादाकडे."

"हात लावत नाही," आबा म्हणाले.

दुसऱ्या गोष्टीचं उत्तर येण्याआधी फोन कापला गेला. त्यानंतर तो लागला नाही. वर ढग उतरले होते आणि आबांचा फोन उन्हावर चार्ज व्हायचा.

साहेब वाईट माणूस नव्हते, हीच पंचाईत. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

"मॅडम, तीन वर्षं आपण सही करून सांगितलं, बर्फ मेलाय. आता सांगायचं, मेला नाही, पळतोय? आणि पुरावा काय, तर आबांची कंबर?"

"कंबर खोटं बोलत नाही, साहेब."

"मला पटतंय हो. पण वरच्यांना कंबर चालत नाही." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "धाकटा आता तरी खुणेवर आहे ना? आबांनी नुकताच बसवलाय. म्हणजे पुढच्या फेरीत तो कुठे दिसतो, यावरून लगेच कळेल. दिसला हललेला, की त्याच मिनिटाला फोन उचलतो. शब्द देतो."

पुढची फेरी अजून लांब होती. उपग्रहाला हाक मारता येत नाही, चुचकारता येत नाही, आई आजारी आहे म्हणून लवकर बोलावता येत नाही. भिंगरीने दुसऱ्या एका संस्थेला लिहिलं, तुमचा उपग्रह तिकडे वळवता येईल का? तत्परतेने उत्तर आलं, आपली विनंती मिळाली.

मग तिने जुनी चित्रं उघडली, एकामागून एक. प्रत्येकात धाकटा त्याच जागी, कुंकू रेखावं तसा. हिवाळा आला, गेला, वादळं झाली, धाकटा आपला तिथेच. कुठलीच वस्तू इतकी जागेवर राहत नाही. तिची चहाची कपबशीसुद्धा टेबलावर इतकी जागेवर राहत नसे. हे तिला तीन वर्षांत दिसू नये? उलट, मोजमाप किती नेमकं आलं म्हणून तिने साहेबांची शाबासकी घेतली होती आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितली होती.

दादा वर गेला. त्याचे गुडघे कामातून गेलेले, तरी गेला. दुसऱ्या दिवशी परत आला आणि घरून फोन केला.

"येत नाहीत."

"येत नाहीत म्हणजे? उचलून आणायचं!"

"तू ये नि तू उचल. मी गेलो तर मला चहा दिला, माझ्या बुटांना ग्रीस लावलं, वर मलाच रागावले, या गुडघ्यांवर कशाला आलास म्हणून. आणि दिलं लावून परत."

"पण म्हणतात काय?"

"म्हणाले, माझ्यामुळे पोरीचं तीन वर्षांचं काम पाण्यात गेलं. एक फेरी तरी तिला नीट मिळू दे, मग येतो. रोज ओला बर्फ पडतोय, झाडला नाही तर धाकटा बुजून जाईल, तिला दिसणार नाही."

भिंगरी खुर्चीत बसली. 'पाण्यात.' शब्द तिचाच, जसाच्या तसा, डोंगर चढून पुन्हा तिच्याकडे आला होता.

"बर्फाचं काय?"

"बोलतोय. रात्रभर कडाड कडाड. मी डोळा मिटला नाही. ते मात्र घोरत होते."

"दादा, आणखी एकदा जाशील?"

"बाई गं," दादा म्हणाला. मग म्हणाला, "सांग काय सांगायचं ते."

"सांग की फेरीची वाट बघू नका. मला ते चित्र नको, काम नको, काही नको. तुम्ही निघा. आणि निघताना थोरल्याचे दोन बोल्ट सैल करून त्याला पालथा घाला. पालथा पडला की मला तो काळा दिसेल, म्हणजे मला कळेल तुम्ही निघालात. फोन नसला तरी."

दादा पुन्हा गेला. या खेपेला परतताना ओढ्यावरची फळी त्याच्या पायांखाली हलत होती आणि तो अलीकडे आल्यावर तासाभरात गेलीच वाहून. बर्फातून एकाएकी इतकं पाणी सुटलं होतं. आता वर जायला वाट नव्हती आणि खाली यायलाही.

"काय म्हणाले?"

"सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, बरं, निघताना घालतो पालथा."

"पण निघणार कधी?"

"विचारलं ना. म्हणाले, भिंगरीला सांग, काळजी करू नको. दुसरं काय म्हणणार ते?"

मग नुसते दिवस उरले. भिंगरी घासलेली भांडी पुन्हा घासायची. नवरा मुकाट्याने ती पुसून ठेवायचा. एकदा तो म्हणाला, "मी काही करू का?" ती म्हणाली, "तू काय करणार?" आणि मग तिला वाईट वाटलं, कारण ती स्वतः तरी काय करत होती! इतकी वर्षं चित्र उघडताना ती मनात म्हणायची, दिस रे बाबा, लख्ख दिस. आता ती म्हणत होती, काळा पड. एवढ्या एका वेळी काळा पड.

फेरीच्या दिवशी दुपारी चित्र आलं. साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. तिने चित्र मोठं केलं आणि थोरल्याची जागा डाव्या तळहाताने झाकून टाकली.

"हे काय?"

"आधी धाकटा बघू," ती म्हणाली.

खुणेवर धाकटा नव्हता. तिने खाली शोधलं, अंगणभर खाली, दोन अंगणं खाली. नव्हता. साहेब म्हणाले, "बुजला असेल." तेवढ्यात तो सापडला, जिथे शोधायचं तिच्या मनातही आलं नव्हतं तिथे, जिभेच्या कडेला, जिथून पुढे नुसता कडा. स्वच्छ झाडलेला, ठळक. इतक्या कमी दिवसांत इतका चाललेला बर्फ तिने पुस्तकातच वाचला होता.

साहेबांनी शब्द पाळला. खुर्चीवर बसलेही नाहीत, उभ्यानेच फोन उचलला. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला, मग उतरला. फोन ठेवून ते म्हणाले, "हेलिकॉप्टर तयार ठेवतायत. पण घरापर्यंत ढग आहेत. ढग उठले की निघतील."

"कधी उठतील?"

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर छान ऊन होतं. रडार ढगांतून आरपार बघतं, ही गोष्ट ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते कौतुकाने सांगत. ढगांतून कुणाला आणता मात्र येत नाही.

मग तिने हात काढला.

थोरला लख्ख होता. नुसता लख्ख नाही, तीन वर्षांत कधी नव्हता इतका. त्याच्या चारही बाजूंना प्रकाशाच्या रेघा फुटल्या होत्या.

"वा, काय आलाय!" साहेब सवयीने म्हणून गेले आणि मग त्यांनी जीभ चावली.

"धुतलाय त्यांनी," भिंगरी म्हणाली. "नुसता झाडलेला नाही. घासून धुतलाय."

आणि मग तिला आपली चूक कळली. पहिल्या वर्षी ती वर गेली होती तेव्हा ओट्यावर बसून तिनेच आबांना शिकवलं होतं, की धाकटा एकटा काही कामाचा नाही. थोरला दिसला नाही तर धाकटा कुठून कुठे गेला हे कशावरून मोजायचं? आबांनी मान डोलावली होती. "बरोबर आहे. कुणी उभं असेल तर चालणाऱ्याचं चालणं कळणार." पुढे येईल त्या वाटसरूला ते हे ऐकवायचे, स्वतःचं असल्यासारखं. अशा माणसाला तिने फेरीच्या आधी थोरला पालथा घालायला सांगितलं होतं. तिचं गणित दुसऱ्यांदा पाण्यात घालायला सांगितलं होतं. ते कसं घालतील? बरं म्हणतील, आणि घालणार नाहीत.

म्हणजे या ठिपक्यावरून एवढंच कळत होतं, की एक-दोन दिवसांपूर्वी आबांनी तिथे उभं राहून पत्रा घासला. पुढे काय? फडकं दोरीवर टाकून ते आत चहा ठेवायला गेले, की काठी उचलून उताराला लागले? दोन्हींत ठिपका असाच दिसणार होता, लख्ख. पत्र्याला माणूस दिसत नाही आणि रडारलाही.

तिने दादाला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"काळा?" दादाने हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"नाही. चकचकीत आहे."

"म्हणजे बसलेत तिथेच."

"तसंही नाही सांगता येत, दादा. माझ्यासाठी तो तसाच उभा ठेवून निघालेही असतील."

"निघून येतील कुठे? फळी कुठाय?"

"पलीकडच्या काठापर्यंत तरी आले असतील."

"बर्फ किती चालला?"

तिने सांगितलं. मागून वहिनीचा आवाज आला, "काय म्हणतायत? सुटले का आबा?"

"मी पाण्यापाशी जातो," दादा म्हणाला.

"जाऊन काय करणार? ओलांडता येतंय का?"

"नाही येत."

"मग?"

"उभा राहतो. पलीकडे आलेच, तर त्यांना दिसायला नको का, की अलीकडे कुणीतरी उभं आहे?"

"दोन कोट न्या!" वहिनी ओरडली. "एक तुमचा, एक त्यांना!"

"पलीकडे कोट काय फेकून देऊ?"

"न्या म्हणते ना!"

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. घाईत तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही. भिंगरी ऐकत राहिली. खुंटीवरून काहीतरी ओढलं गेलं, दार उघडलं, दादाची लंगडती पावलं पायऱ्या उतरली, आणि त्यांच्यामागून वहिनीची, चपला सावरत. मग नुसतं रिकामं घर.

आणि मग लांबून, फार लांबून, काहीतरी गडगडलं. थांबलं. पुन्हा गडगडलं, आणि या वेळी बराच वेळ थांबलं नाही.

"वहिनी?" ती म्हणाली. "दादा, हे काय होतं? दादा?"

साहेब तिच्याकडे बघत होते. स्क्रीनवर थोरला लख्ख उभा होता. ती फोनमध्ये हाका मारत राहिली, आणि तिकडे टेबलावर पडलेला फोन उचलायला कुणी नव्हतं.